कारखान्याचं नाक

पिलनाम : सर्दी होती म्हणते ना मी तुला. सर्दीत कुणाला वास येतो?

मिरान : आई, काल लॉन्ड्रीवाल्या काकांचा फोन आला होता मला. जिन्यात गॅसचा वास भरला होता म्हणाले. त्यांनी वर येऊन पाहिलं तर बार्लीचं पाणी उतू जाऊन शेगडी विझलेली, बटण चालू, आणि तू तिथंच हातभर अंतरावर लसूण सोलत बसलेली.

पिलनाम : त्या लॉन्ड्रीवाल्याचं काय सांगतेस! दिवसभर औषधाच्या वाफेत कोट धुतो. त्याला स्वतःचा घाम तरी कळतो का?

मिरान : तेच तर. त्यालासुद्धा कळलं. आणि गॅसला मुळात वास नसतोच. माणसांना कळावं म्हणून मुद्दाम घालतात.

पिलनाम : माझ्या वाटणीचा घालायला विसरले असतील.

मिरान : विनोद नको करूस, आई. देजॉनला चल माझ्याकडे. खोली रिकामी केलीये. मुलाला सांगून ठेवलंय, आजी येणार म्हणून.

पिलनाम : आणि गच्चीवरचे रांजण? तुझ्या चौदाव्या मजल्यावर कुठं ठेवू? लिफ्टमध्ये?

मिरान : रांजण म्हणजे तू नाहीस.

पिलनाम : उद्या सोयाबीनचे मेजू मिठाच्या पाण्यात घालायचेत. दिवस चांगला आहे. ते झालं की बोलू. त्या खिडकीशी टांगलेत बघ. हिवाळाभर वाळलेत.

मिरान : बघतेय. आई, तुला खरंच वास येतो?

पिलनाम : येतो.

मिरान : नक्की?

पिलनाम : चाळीस वेळा विचारलंस म्हणून एकेचाळिसाव्या वेळी नाही म्हणेन का? कोण आलं बघ. दारावर थापा पडतायत.

ओकबुन : ताई! अगं ताई, दार उघड! माझ्याच्यानं ही कडी सरकत नाही. बोटं नुसती लाकडं झालीत!

पिलनाम : आले, आले. छाती उघडी टाकून आलीस या गारठ्यात? कोट आहे की पडदा?

ओकबुन : बटणं लावणारं माणूस इथं राहतं ना! अगं बाई, मिरान? कधी आलीस? केवढी बारीक झालीस! प्रयोगशाळेत पाणीच पिऊन राहतेस का?

मिरान : पाणी तपासते मावशी, पीत नाही. बस. हात दाखव बघू. पांढरीफटक पडलीत बोटं.

ओकबुन : थंडीत पडतात. पॉलिशच्या चाकाची देणगी. एवढी वर्षं कारखान्यात गिटारची पोटं चाकावर धरली, ते चाक अजून बोटांतच फिरतंय. चटका बसला तरी मागाहून कळतं, चामडी सोलल्यावर. काही दुखत नाही हो, तेवढं एक बरं आहे.

मिरान : आणि ही गुलाबी पिशवी कशाची?

ओकबुन : मुळा आणलाय. दिसायला चांगला आहे. बाकी ताई बघेल. तू काय आणलंयस? एवढी लांबलचक पिशवी! गिटार?

मिरान : मुलासाठी. गेल्या महिन्यात सोलमध्ये जुन्या वाद्यांच्या बाजारात मिळाली. म्हटलं, इकडे येतेच आहे तर तुम्हा दोघींना दाखवावी. बघ ना आई, ओळखतेस का?

पिलनाम : उजेडात धर. तिरकी. अजून तिरकी. हं. आमची आहे.

ओकबुन : एवढ्यात?

पिलनाम : हा ओघळ दिसतो का कमरेपाशी? केसाएवढा. पंखा बंद पडला होता तेव्हाचा माल. लॅकर खाली उतरायचं. दोन टकटक द्यायला हव्या होत्या, कुणी तरी एकच दिली.

मिरान : माथ्यावर नाव मात्र अमेरिकन आहे.

ओकबुन : सगळ्यांच्याच माथ्यावर परक्यांची नावं असायची गं. आम्ही पोट करायचो, मान करायचो, कारखाना माथ्यावर दुसऱ्याचं नाव चिकटवायचा. सगळा माल बंदरावर. तेव्हा म्हणायचे, इंचॉनच्या बंदरातून दोनच गोष्टी जहाजात चढतात : गिटारी आणि परदेशी निघालेले भाऊबंद.

पिलनाम : नंतर कारखानाच चढला जहाजात. इंडोनेशियाला.

ओकबुन : आपण नाही चढलो. लाकडाच्या वाळवणीची खोलीसुद्धा राहिली इथंच. भिंतींना कोण नेणार?

मिरान : बाबांची खोली.

ओकबुन : तुझे बाबा म्हणजे देवमाणूस. बाहेर नाक गोठायचं आणि त्यांच्या त्या खोलीत मेचं ऊन! फळ्या वाळायच्या, आणि फळ्यांच्या वर आमचे मोजे, तुझे लंगोट, आणि एका वर्षी तर आख्ख्या लाइनमधल्या बायकांचे मेजू टांगलेले! आमच्या भाड्याच्या खोल्यांत टांगायला जागा कुठली? तुझी आई म्हणाली, लाकूड वाळतं तर सोयाबीनच्या विटा का वाळणार नाहीत?

पिलनाम : वाळल्या की.

ओकबुन : वाळल्या! आणि वास आख्ख्या स्प्रूस लाकडाच्या थप्पीत शिरला. त्या गिटारी कॅलिफोर्नियाला पोचल्या, आणि तिथून तार आली. ‘तुमच्या वाद्यांत कुणी मोजे विसरलंय का?’

मिरान : बाबा सांगायचे. मला खोटं वाटायचं.

ओकबुन : खोटं? मॅनेजर आला तांबडालाल होऊन. ‘वास कुणाला येतो?’ म्हणाला. सगळे गप्प. आम्हाला तर त्या वासाची सवयच होती. मी पटकन म्हणाले, साहेब, डावीकडच्या थप्पीला येतो, उजवीकडची स्वच्छ आहे. झालं! माझ्या गळ्यातच पडलं. दुपारनंतर चाक बंद, आणि मी खोक्यांच्या शेजारी स्टुलावर. प्रत्येक गिटारच्या भोकाला नाक लावायचं. ओला सरस, कुजकी पट्टी, मेजू, सगळं मला कळायचं. सगळे मला ‘नाक’ म्हणायचे. नावानं हाक मारलेली मला आठवत नाही.

पिलनाम : मिरान झाली तेव्हा हिनं दवाखान्यात रजिस्टरवाल्याला सांगितलं होतं, ‘भेटायला कोण? लिहा, कारखान्याचं नाक.’

मिरान : मग आज एकदा तसंच करा ना दोघी. मुलासाठी घेतलीये, आत काही कुजलंबिजलं नाही ना, बघून द्या. आधी मावशी. मग आई.

पिलनाम : मला कशाला? हे काम तिचं.

मिरान : तूही. दोघींनी पास केली की मी निश्चिंत.

ओकबुन : आण इकडे. ए, वजन नाही गं हिला. थांब हं, चष्मा काढते, नाक लागत नाही भोकाला.

मिरान : सावकाश घे वास.

ओकबुन : हं. हं... जुनं लाकूड. कोरडं.

मिरान : आई, आता तू. आणि मावशी, बोलू नकोस, नाहीतर तिला उत्तर कळेल.

ओकबुन : मी कुठं बोलतेय?

मिरान : टेबलावरचं बोटही थांबव.

पिलनाम : बोट? कसलं बोट?

मिरान : आत्ता वाजलेलं. एक टकटक. आई, लॅकरच्या खोलीत तोंडाला फडकी आणि डोक्यावर पंखे असायचे, म्हणून तुम्ही बाकावर बोलायचात. एक म्हणजे पास, दोन म्हणजे परत. बाबा सूपसुद्धा तसंच पास करायचे. ज्या टेबलावर ते वाजवायचे त्याच्याखाली बसून मी अभ्यास केलाय. मला येतं ते.

पिलनाम : मग? जुनी सवय. तिचं बोट वाजतं.

मिरान : ठीक. सांग तू. काय वास येतो?

पिलनाम : लाकूड. लॅकर. स्वच्छ आहे.

मिरान : आणखी काही?

पिलनाम : काही नाही. दे तुझ्या पोराला.

मिरान : थांब, जरा उलटी करून हलवते.

पिलनाम : काय पडलं ते?

मिरान : सुकी मांदेली, आई. आख्खी मूठभर. कागदात सैल गुंडाळून काल रात्री आत ढकलली. आगगाडीत शेजारचा माणूस उठून दुसऱ्या डब्यात गेला.

पिलनाम : तू आईला असं पकडलंस?

मिरान : दुसरं काय करणार होते? विचारलं की तू येतो म्हणतेस. व्हिनेगर ठेवलं असतं तर ते नाकात झोंबतं आणि झोंबणं म्हणजे वास नव्हे. मला खात्री करून घ्यायची होती. तुला येत नाही हे मला ठाऊक होतं. मावशी तुला खुणा करते असाही संशय होता. पण मावशी... तू एक वाजवलीस.

ओकबुन : हो.

मिरान : मी आईला पकडायला आले होते, मावशी.

ओकबुन : हो गं. कळलं मला.

मिरान : मांदेलीचा वास नाही आला तुला? एवढं नाक भोकात घातलंस तरी?

ओकबुन : दोन वर्षांपूर्वी त्या साथीच्या तापात गेला. ताप उतरला, अंगदुखी गेली, भूक आली. नाक नाही आलं. म्हटलं येईल. रोज सकाळी उठून आधी उशी हुंगायचे. मग ते पण सोडलं.

मिरान : आईला सांगितलं नाहीस?

ओकबुन : सांगून? मी इथं येते ती नाक म्हणून. हिचा फ्रिज हुंगते, रांजण हुंगते, दूध हुंगते. त्याच्या बदल्यात ही माझ्या सुया ओवते, बटणं लावते, औषधाच्या पाकिटातल्या गोळ्या काढून देते. आमची लाइन आहे ती. लाइनमधली एक बाई हातातलं काम सोडून बसली तर दुसऱ्यांचं काय होतं माहीत आहे ना?

मिरान : म्हणजे गेली दोन वर्षं या घरात कुणालाच वास येत नव्हता.

पिलनाम : मला ठाऊक होतं.

ओकबुन : काय?

पिलनाम : तुझं नाक गेलंय ते. मला ठाऊक होतं.

ओकबुन : कसं? मी तर प्रत्येक वेळी...

पिलनाम : पूर्वी तू वास घेताना डोळे मिटायचीस. स्टुलावर बसायचीस तेव्हाही. नंतर उघडे ठेवायला लागलीस. माझ्या तोंडाकडे बघायचीस, मला काय वाटतंय ते पाहून ‘छान आहे’ म्हणायचीस.

ओकबुन : आणि तू बोलली नाहीस?

पिलनाम : बोलले असते तर तू आली असतीस का? मग त्या बोटांनी दारं उघडत बसली असतीस.

ओकबुन : मेली कुठली! मी इकडे चोरासारखी येते नि तुला सगळं माहीत!

मिरान : थांबा. थांबा जरा दोघी. आई, तू मला दर दोन महिन्यांनी तुमच्या रांजणातलं मेजूचं आंबवण, दोएनजांग पाठवतेस. माझा मुलगा ते खातो. मग ते कुणाच्या भरवशावर?

पिलनाम : मिठाच्या. पाण्यात अंडं सोडायचं. नाण्याएवढं डोकं वर राहिलं की मीठ बरोबर. मीठ बरोबर असलं की बाकीचं ते बघतं. पोराला काही झालं?

मिरान : नाही.

ओकबुन : बघ! नाकाचं उगाच कौतुक करतात लोक.

मिरान : मावशी, गॅसच्या पाइपात अंडं तरंगत नाही.

ओकबुन : ते खरं.

मिरान : तुझं कधी गेलं, आई?

पिलनाम : जाताना त्याचा आवाज नाही होत. आधी थिनरनं डोकं धरायचं. मग धरेनासं झालं. मला वाटलं, सवय झाली. सगळ्याच बायका म्हणायच्या, सवय होते. सुपरवायझरही म्हणायचा. सवय झाली म्हणून मला आत, मधल्या खोलीत घेतलं. त्या खोलीच्या खिडक्यांना फळ्या मारलेल्या, धूळ येऊ नये म्हणून. तिथं चांगलं काम केलं मी. ओघळ नाही, फोड नाही.

मिरान : डॉक्टरकडे गेलीस का कधी?

पिलनाम : काय सांगू? दुखत नाही. दिसतं. ऐकू येतं. डॉक्टर म्हणेल, मग तक्रार काय?

मिरान : बाबांना सांगितलं होतंस?

पिलनाम : त्यांना कळलं असावं. एकदा त्यांनी वाळवणीच्या खोलीतून देवदाराचा तुकडा आणला खिशातून. मला म्हणाले, बघ. मी हातात घेऊन बघितला. वजन बघितलं, रेघा बघितल्या. त्यांनी परत घेतला. पुन्हा काही आणलं नाही कधी. ते गेले तेव्हा तीन दिवस उदबत्त्या जळत होत्या. धूर डोळ्यांत जात होता. लोकांना वाटलं, मी रडतेय.

ओकबुन : मला माहीत होतं तू रडत नव्हतीस.

पिलनाम : हो. तू शेजारी होतीस.

मिरान : आई, हे सगळं ऐकून मी तुला इथं ठेवून जाऊ? कशी जाऊ, तूच सांग. काहीही ठरलं तरी गॅस मी आज तोडायला सांगणार आहे. विजेची शेगडी येईल. गळती झाली तर ओरडणारं यंत्र लावीन, धुराचंही लावीन. तुझे कान चांगले आहेत. पण दूध नासलेलं यंत्राला कळत नाही. मासा कुजलेला कळत नाही. तू चल.

पिलनाम : देजॉनला मी काय करायचं?

मिरान : काही नाही करायचं. बसायचं.

पिलनाम : तेच म्हणतेय मी.

ओकबुन : घेऊन जा गं तिला.

पिलनाम : तू गप्प बस.

ओकबुन : खरंच सांगते. मी आता कशाला? नाक असतं तर म्हणाले असते, राहू दे, मी बघते. काय बघू? काल त्या लॉन्ड्रीवाल्याला कळलं ते माझ्यासमोर झालं असतं तरी मी इथं बसून तिच्याबरोबर लसूण सोलला असता. सोलला पण नसता. सोलता येत नाही मला.

मिरान : आणि तुझी बटणं, मावशी?

ओकबुन : चेनवाला कोट मिळतो.

मिरान : चेन ओढता येते?

ओकबुन : दातांनी.

पिलनाम : दात पण कवळीचे.

ओकबुन : कवळीची पकड चांगली असते! तुला काय कळतंय!

मिरान : हसू नका दोघी. मला खरंच कळत नाहीये काय करावं ते.

पिलनाम : मग आधी दुसरं काम कर. ते मेजू खाली काढ.

मिरान : आत्ता?

पिलनाम : उद्या रांजणात घालायचेत. तिन्ही हुंगून बघ. या घरात आज एकच नाक आहे, ते फुकट कशाला घालवायचं?

मिरान : मला कुठं कळतं त्यातलं?

ओकबुन : कळतं. त्यांच्याखाली वाढलीस तू. वाळवणीच्या खोलीत टोपलीत झोपायचीस, वर ते लटकत असायचे. डोळे मीट आणि बघ.

मिरान : हा पहिला. ठीक वाटतोय.

पिलनाम : ठीक वाटतोय म्हणजे? तुझ्या प्रयोगशाळेत असं लिहितेस का? टेबलावर सांग.

मिरान : आई...

पिलनाम : सांग.

मिरान : ही घे. एक.

ओकबुन : ऐकू आली. दुसरा?

मिरान : याला बाबांच्या स्वेटरसारखा वास येतोय. अगदी तसाच. त्यांच्या बगलेत डोकं घातल्यासारखा.

पिलनाम : मला स्वेटर नको. टेबल.

मिरान : एक.

पिलनाम : आणि हा कोपऱ्यातला? खिडकीपासून लांब होता.

मिरान : नाही. हा नाही. आत ओल राहिलीये. वरून दिसत नाही, पण आंबट, शेवाळलेल्या टाकीसारखा वास आहे. दोन.

ओकबुन : बघ ताई! तो आपण घातला असता.

पिलनाम : घातलाच असता. काल तूच म्हणालीस, ‘छान आहे.’

ओकबुन : तू माझ्याकडे बघत होतीस, मी तुझ्याकडे!

पिलनाम : पुढच्या वर्षी तू ये, मिरान. मेजू उतरवायच्या आठवड्यात. आणि किमची घालताना. पोराला पण आण, त्याचं नाक नवीन आहे.

मिरान : म्हणजे तू ठरवूनच टाकलंस.

पिलनाम : नाही. मी नाही ठरवत. मी कधीच नाही ठरवलं. मी लॅकर मारून पुढे सरकवायचे, पुढच्या बाकावर ठरायचं. तू पुढचा बाक आहेस. मला नेऊन देजॉनला बसवायचं की इथं ठेवायचं, ते तूच सांग. पण बोलून नको. बोललीस की रडशील, मग मला काय करायचं ते सुचत नाही. एक की दोन, तेवढं सांग. एक म्हणजे इथंच, तिच्याबरोबर. दोन म्हणजे उद्या मेजू घालून मी पिशवी भरते. वाद घालणार नाही.

ओकबुन : ताई, कोटाची बटणं आधी लाव माझी. दोन वाजल्या तर मला लगेच निघायला बरं.

पिलनाम : इकडे ये. हनुवटी वर कर. वाजव गं, मिरान. मी ऐकतेय.

(टेबलावर बोटाची एक टकटक. मग बराच वेळ काही नाही.)

पिलनाम : दुसरी यायचीये का अजून, ओकबुन?

ओकबुन : नाही, ताई. एकच होती.